एगनॉगची बासुंदी करू नका: बारा महिने घरी करायचं तर हे वाचा

गेल्या डिसेंबरात मला चार जणांनी घरी केलेल्या एगनॉगच्या, म्हणजे अंडं-दुधाच्या गोड पेयाच्या, पातेल्याचे फोटो पाठवले. चौघांचा प्रश्न एकच, "भिया, हे असं का झालं?" आणि फोटोत दुधावर तरंगणारी पिवळी भुर्जी. यातलं कोणीही स्वयंपाकात कच्चं नाही, एकाची बासुंदी तर इंदूरच्या रामबागेत लोक मागून नेतात. आणि घोळ नेमका तिथेच आहे. आपला हात बासुंदीवर बसलेला असतो, म्हणजे दूध उकळू द्यायचं, आटवायचं, कडेची साय खरवडून आत ढकलायची, मग झाकण टाकून रात्रभर ओट्यावर ठेवायचं. एगनॉगला यातलं एकही चालत नाही. उकळी नको, आटवणं नको, ओट्यावरची रात्र तर अजिबात नको. ते एक पातळ कस्टर्ड आहे, त्याचा दाटपणा दूध आटून येत नाही, अंड्याचा बलक गरम होऊन हळूहळू घट्ट होतो त्याने येतो.

आणि हे फक्त नाताळचं पेय समजून बसू नका. अमेरिकेत एगनॉगचे डबे थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबर अखेरच्या सणाच्या) आसपास दुकानात येतात आणि नवीन वर्ष लागलं की गायब होतात, म्हणून तसा समज झालाय. घरी करणाऱ्याला कसला सीझन? सराफ्याच्या खाऊगल्लीत आपण भर जानेवारीत थंडगार शिकंजी पितोच ना (इंदूरची, दूध-मठ्ठ्याची दाट, लिंबाची नव्हे), मग मे महिन्यात एगनॉग प्यायला कोण अडवतंय.

टप्पा १: सामान, आणि सामानातच होणाऱ्या चुका

साधारण एक लिटर होईल, म्हणजे ८ छोटे ग्लास. ते जड असतं, मोठा ग्लास कोणाला संपत नाही.

- अंड्यांचे पिवळे बलक ६
- साखर १०० ग्रॅम
- फुल क्रीम दूध ६०० मिली
- टेट्रा पॅकमधलं फ्रेश क्रीम २०० मिली
- जायफळ, किसून पाव चमचा, वर भुरभुरायला थोडं वेगळं
- दालचिनीचा बोटभर तुकडा, व्हॅनिला १ चमचा, मीठ चिमूटभर
- रम किंवा ब्रँडी ९० ते १२० मिली, हवी असेल तरच

अंडी. बाहेरच्या रेसिपीत "मोठं अंडं" म्हणतात ते टरफलासकट ५७ ग्रॅमच्या पुढचं असतं. आपल्या कोपऱ्यावरच्या ट्रेमधलं बऱ्याचदा ५० च्या आसपास भरतं, म्हणून तिकडे ५ लिहिले असतील तर आपण ६ घ्यायचे. उन्हाळ्यात ट्रे दुकानाबाहेर ४२ डिग्रीत पडून असेल तर तिथून घेऊच नका, जिथे माल रोज संपतो अशा दुकानातून घ्या. घरी आणल्यावर धुऊन फ्रीजमध्ये ठेवू नका, धुवायची ती फोडायच्या आधी.

तपासा: अंडं पाण्यात सोडा. आडवं तळाला बसलं तर ताजं, उभं राहिलं तर आमलेटला ठीक, तरंगलं तर फेका. एगनॉगला फक्त आडवं बसणारंच घ्यायचं. आणि प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडा, सहावं अंडं खराब निघालं की आधीचे पाच कसे वाया जातात ते मी अनुभवलंय.

दूध. पिशवीचं फुल क्रीम, ज्यात ६ टक्के फॅट असतं, ते सगळ्यात सोपं. टोन्डमध्ये ३ टक्केच असतं, त्याचं एगनॉग पाणचट होतं आणि मग लोक दाटपणासाठी जास्त शिजवतात आणि फाडून बसतात. दूधवाल्याचं सुटं म्हशीचं दूध असेल तर छानच, पण ते आधी एकदा नीट उकळून, गार करून, साय काढून, गाळून घ्यायचं. यात अजून एक फायदा आहे. उन्हाळ्यात दुपारचं दूध कधीकधी आतून आंबलेलं असतं आणि तापवताना फाटतं, ते एकटं फाटलं तर फक्त दूध गेलं, अंड्यांसकट फाटलं तर सगळं गेलं.

क्रीमच्या जागी घरची साय फेटून घालणारे बरेच आहेत. नका घालू. साय दोन-चार दिवस साठवलेली असते, किंचित आंबट असते, आणि फेटली की लोण्याचे कण सुटतात, ते गार झाल्यावर जिभेला मेणासारखे लागतात. केकवाल्यांकडचं व्हिपिंग क्रीमही जपून घ्या, त्यातली बरीच वनस्पती तेलाची आणि आधीच गोड केलेली असतात, साखर दुप्पट होते.

जायफळ सियागंजच्या किराणा बाजारातून अख्खं आणा. हातात वजनदार लागलं पाहिजे, हलकं किंवा बारीक भोकं पडलेलं नको. पॅकेटमधली पूड महिन्याभरात भुशासारखी होते. श्रीखंडाला आई सहाणेवर दुधात उगाळून घेते तसं इथे आतल्या मिश्रणाला चालतं, पण वर भुरभुरायला कोरडं किसलेलंच हवं, कारण तो वास ग्लास तोंडाशी नेताना यायला हवा. आणि छान लागतं म्हणून चमचा-चमचा घालू नका, जायफळ जास्त झालं तर गरगरतं, मळमळतं, हा विनोद नाही.

टप्पा २: भांडी मांडून ठेवा, मगच गॅस लावा

ही पायरी सगळे गाळतात. बलकाचं काम सुरू झालं की मध्ये गाळणी शोधायला वेळ नसतो.

जाड बुडाचं पातेलं, फेटायला एक खोलगट भांडं, व्हिस्क (तारांचं फेटणं), लाकडी उलथणं किंवा सिलिकॉनचा चमचा, बारीक जाळीची गाळणी, आणि एका परातीत बर्फ आणि पाणी. परात गॅसच्या शेजारीच, दुसऱ्या खोलीत नाही. थर्मामीटर असेल तर उत्तम, चार-पाचशे रुपयांत डिजिटल मिळतो आणि पुढची सगळी भीती जाते.

आमच्याकडे अंडं स्वयंपाकघरात चालत नाही, "अंड्याचं काय करायचं ते गॅलरीत कर" असा आईचा कायदा, त्यामुळे माझी शेगडी, पातेलं, गाळणी सगळा वेगळा संसार आहे. माझं पहिलं एगनॉग बिघडलं त्याचं कारणही हेच, आईने जाड बुडाचं पातेलं गॅलरीत जाऊच दिलं नाही, मी पातळ ॲल्युमिनियमच्यात केलं आणि तळाला दोन मिनिटांत आमलेट.

इंडक्शनवाल्यांनो: स्वस्त इंडक्शन कमी वॅटवर हळू तापत नाही, ते पूर्ण जोरात चालू-बंद चालू-बंद होतं. तुम्हाला वाटतं आच मंद आहे आणि तळाला झटके बसत असतात. त्यावर करायचंच असेल तर खाली पातेल्यात पाणी उकळवून वर दुसरं भांडं ठेवा, वरच्या भांड्याचा बूड पाण्याला टेकता कामा नये. वेळ दुप्पट लागतो, पण फाटत नाही.

टप्पा ३: बलक आणि साखर

पांढरं पूर्ण वेगळं काढा. थोडं राहिलं तरी ते बलकाच्या आधी शिजतं आणि दोरे होतात, अंड्याचा उग्र वासही मुख्यतः त्यातूनच येतो. पांढरं डब्यात भरून फ्रीजमध्ये टाका, सकाळी आमलेट होईल.

बलकावर साखर घातली की लगेच फेटायचं, त्याच क्षणी. साखर तशीच वर पडू दिली आणि फोन घ्यायला गेलात की साखर बलकातलं पाणी ओढून घेते आणि पिवळ्या टणक गुठळ्या होतात, त्या नंतर कशानेच विरघळत नाहीत, लोकांना वाटतं अंडं शिजलं, पण ते गॅसपर्यंत पोचलेलंच नसतं. २ ते ३ मिनिटं फेटा, रंग फिका लिंबासारखा होईल आणि व्हिस्क उचलल्यावर रिबनसारखी धार पडेल. मीठ इथेच.

टप्पा ४: दूध तापवा आणि पळीपळीने ओता

दूध, दालचिनी आणि जायफळ पातेल्यात घालून मध्यम आचेवर ठेवा. कडेला बारीक बुडबुडे आणि वर वाफ दिसली की बंद. उकळी येऊ द्यायची नाही. १० मिनिटं झाकून ठेवलंत तर दालचिनी उतरते, मग परत थोडं कोमट-गरम करा.

आता मुख्य जागा. गरम दूध बलकात जातं, बलक गरम दुधात नाही. बलकाचं भांडं ओल्या फडक्यावर ठेवा म्हणजे हलत नाही, डाव्या हाताने एक पळी दूध बारीक धारेने सोडा, उजव्या हाताने व्हिस्क थांबवायचंच नाही. एक पळी, फेटा. दुसरी, फेटा. अशा चार-पाच पळ्यांनंतर भांडं बाहेरून हाताला गरम लागेल, मग उरलेलं दूध एकदम ओतलं तरी चालतं. सगळं परत पातेल्यात.

टप्पा ५: शिजवणं, म्हणजे जिथे बासुंदी आठवायची नाही

सगळ्यात लहान बर्नर, सगळ्यात मंद आच. उलथणं तळाला टेकवून इंग्रजी आठच्या आकारात फिरवत राहायचं, कोपरे सोडायचे नाहीत. ८ ते १२ मिनिटं लागतात आणि पहिली सहा-सात मिनिटं काहीच घडत नाही. इथेच हात शिवशिवतात आणि माणूस आच वाढवतो. वाढवू नका, कारण जे घडतं ते शेवटच्या मिनिटात घडतं.

थर्मामीटरवर ७१ अंशांच्या पुढे गेलं पाहिजे, साल्मोनेलाची, म्हणजे कच्च्या अंड्यातून पोट बिघडवणाऱ्या जंतूची, चिंता तिथे मिटते. मी ७५-७६ ला उतरवतो. ८२ च्या पुढे फाटायला लागतं. म्हणजे तुमच्याकडे जागा आहे ती जेमतेम दहा अंशांची.

थर्मामीटर नसेल तर खुणा बघा. वरचा फेस हळूहळू विरतो, पृष्ठभाग गुळगुळीत होतो, उलथणं फिरवताना किंचित जड लागतं. मग चमचा बुडवून उचला, पाठीवर बोटाने रेघ ओढा. रेघ तशीच राहिली, वरचा थर ओघळून मिटली नाही, की झालं. बुडबुड्याची वाट बघाल तर उशीर झालेला असेल.

सावधान: तुम्हाला ते पातळ वाटणारच, साधारण ताज्या रबडीपेक्षा खूप पातळ, मसाला दुधाच्या जवळ. बरोबर आहे. फ्रीजमध्ये दाट होतं.

उतरवल्याक्षणी फ्रीजमधलं गार क्रीम त्यात ओता. शिजवायच्या वेळी क्रीम घालू नका, मुद्दाम मागे ठेवा, कारण पातेलं गॅसवरून उतरलं तरी स्वतःच्या उष्णतेने शिजत राहतं आणि गार क्रीम तो ताव तिथेच मोडतं. लगेच गाळणीतून दुसऱ्या भांड्यात गाळा. दालचिनी, बलकाचे पांढरे दोरे, दोन-चार कण राहिले असतील ते, सगळं वर राहतं. व्हॅनिला आता.

टप्पा ६: गार करणं

भांडं बर्फाच्या परातीत ठेवा आणि १५-२० मिनिटं अधूनमधून ढवळा. ढवळलं नाही तर वर साय धरते, आणि ही साय बासुंदीसारखी कौतुकाची नाही, चिवट असते. बाहेरून गार लागलं की फ्रीजमध्ये. झाकण पूर्ण गार झाल्यावरच, नाहीतर वाफेचं पाणी ठिबकून वर पाण्याचा थर.

ओट्यावर ठेवायचं नाही हे परत लिहितोय कारण चौघांपैकी दोघांनी तेच केलं होतं. अंडं-दूध बाहेर दोन तासांच्या वर नको, आणि ३२ डिग्रीच्या पुढे एक तास. एप्रिल-मेमध्ये इंदूरचं स्वयंपाकघर रात्री दहालाही त्याच्या खाली येत नाही.

निदान ४ तास फ्रीजमध्ये, रात्रभर असेल तर अजून बरं, जायफळ मुरतं.

टप्पा ७: रम घालायची असेल तर

गार झाल्यावर, बारीक धारेने, ढवळत. गरम कस्टर्डमध्ये एकदम ओतली तर दाणे पडू शकतात. घरात मुलं-आजी असतील तर आधी त्यांच्यापुरतं वेगळ्या भांड्यात काढा, मगच उरलेल्यात घाला, नंतर ओळखू येत नाही.

आणि एक गैरसमज पक्का मोडायचाय, "रम आहे ना, खराब होत नाही". हिशोब करा. ४२.८ टक्क्यांची रम १२० मिली म्हणजे शुद्ध अल्कोहोल ५१ मिली, एकूण मिश्रण सव्वादहाशे-साडेदहाशे मिली, म्हणजे जेमतेम ५ टक्के. त्याने काहीही टिकत नाही. महिनोन् महिने मुरवलेलं एगनॉग म्हणून जे सांगतात त्यात अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास ठेवतात आणि ते फ्रीजमध्येच असतं, ते वेगळं प्रकरण आहे, अंदाजपंचे करू नका.

बडोद्याची मावशी बिनरमचं करते, गुजरातेत दारूबंदी, प्रश्नच नाही. ती रमच्या जागी थोडा खारकेचा पाक घालते आणि खरं सांगायचं तर मला तेच जास्त आवडतं, रमने जायफळ दबतं.

ऋतू बदलला की काय बदलायचं

थंडीत गरम प्यायचं असेल तर एगनॉग परत गॅसवर ठेवू नका. ग्लासात ओतून ग्लास गरम पाण्याच्या भांड्यात उभा करा, कोमटाच्या वर गेलं की पुरे. परत उकळवलंत की भुर्जीचा फोटो येणार.

उन्हाळ्यात साखर २० ग्रॅम वाढवा, कारण गार पदार्थात जिभेला गोडी कमी लागते. त्यात बर्फाचे खडे टाकू नका, पातळ होऊन सगळी मेहनत पाण्यात. त्याऐवजी एगनॉगचेच खडे करून ठेवा, बर्फाच्या ट्रेमध्ये, आणि ते ग्लासात टाका. कुल्फीच्या साच्यात घातलं तर कुल्फीही छान होते, पण रम घातलेलं नीट गोठत नाही, ते लक्षात ठेवा. आंब्याचा रस घालायचा तर एगनॉग पूर्ण गार झाल्यावर, प्यायच्या वेळी, आणि त्याच दिवशी संपवायचं, आंब्याच्या आंबटपणाने दुसऱ्या दिवशी कणी धरते.

पावसाळ्यात लाइट जाते, फ्रीज तीन-चार तास बंद राहतो. अर्ध्या मापाचं करा आणि त्याच दिवशी संपवा.

दिवाळीच्या आधी सीताफळं येतात, त्याचा गर अप्रतिम लागतो, पण गर कधीही तापवायचा नाही, कडू होतो. तोही गार एगनॉगमध्येच.

प्रकार, आणि त्यातले सापळे

पोर्तो रिकोचं कोकिटो हे नारळाचं दूध, कंडेन्स्ड मिल्क, दालचिनी आणि रमचं, बऱ्याच घरी त्यात अंडं नसतंच. गॅसही लागत नाही. नारळाचं दूध फ्रीजमध्ये वर घट्ट बसतं, ते खराब झालेलं नाही, बाटली हलवा. ज्यांच्या घरी गॅलरीतही अंडं चालत नाही त्यांनी इथूनच सुरुवात करावी.

मेक्सिकोचं रोम्पोपे, प्वेब्ला शहरातल्या नन्सच्या नावाने ओळखलं जाणारं, त्यात बलकासोबत बदामाची पूड आणि दालचिनी असते. बदाम भिजवून सोलून एकदम गंधासारखे वाटा, नाहीतर रवाळ लागतं. नेदरलँड्सचं ॲडव्होकाट ब्रँडीचं आणि इतकं दाट की चमच्याने खातात, ते पहिल्या प्रयत्नात करू नका.

अंड्याशिवाय करायचं तर कस्टर्ड पावडर. त्यात अंडं नसतं, कॉर्नफ्लोअर, रंग आणि वास. ८०० मिली दुधाला दीड मोठा चमचा, गार दुधात कालवून घालायची. पण इथे नियम उलटा: हे नीट उकळलंच पाहिजे, दोन मिनिटं रटरट, नाहीतर कच्च्या पिठाची चव राहते. आता जे शहाणे लोक बलक आणि कस्टर्ड पावडर दोन्ही घालतात आणि मग म्हणतात रात्री दाट होतं, सकाळी पाणी झालं, त्यांच्यासाठी: बलकात एक एन्झाइम असतं जे स्टार्च पचवून पातळ करतं, आणि ते उकळीजवळ गेल्याशिवाय मरत नाही. दोन्ही घालायचं असेल तर उकळावंच लागतं, स्टार्चमुळे बलक तेव्हा सहज फाटत नाही. नाहीतर एकच काहीतरी घाला.

जुन्या पद्धतीत कच्चं पांढरं फेटून शेवटी फेसासारखं मिसळतात. आपल्याकडे पाश्चराइझ केलेली (हलकं तापवून जंतू मारलेली) अंडी किराण्यावर मिळत नाहीत, त्यामुळे मी नाही करत. फेस हवाच असेल तर प्यायच्या आधी बाटलीत घालून जोरात हलवा.

ठेवायचं किती

तीन दिवस. फ्रीजच्या दारात नाही, आतल्या मधल्या कप्प्यात मागे, दार उघड-झाप करताना दारातलं सगळ्यात आधी तापतं. थोडं वेगळं होऊन पाणी खाली बसलं तर हलवा, चालतं. आंबट वास किंवा ताणलेले दोरे दिसले तर चव घेऊन बघू नका.

बिघडलंच तर

नुकते दाणे दिसायला लागले की लगेच खाली उतरवून बर्फात, पाव वाटी गार दूध, हँड ब्लेंडर, मग गाळणी. बऱ्यापैकी वाचतं. पूर्ण भुर्जी झाली असेल तर ब्लेंडर मारून उपयोग नाही, गुळगुळीत होतं पण अंड्याचा वास जात नाही. तेव्हा त्यात शिळा पाव कुस्करून, थोडे बेदाणे घालून, कुकरमध्ये शिटी काढून २५ मिनिटं वाफवा, ब्रेड पुडिंग होतं. रामबागच्या बासुंदीवाल्याने तेच केलं आणि बायकोला सांगितलं की मुळात तेच करत होतो.